बिनपगारी साहेबीण

"चष्मा आहे का तुला?"

शेठनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या हातात गुणपत्रिका, कॉलेजचं शिफारसपत्र, प्रकल्पाचा आराखडा असं भलंमोठं बाड होतं. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

"एक घे. नंबर नसला तरी चालतंय, साध्या काचंचा घे." मग त्यांनी माझ्या वर्गातल्या विनीतला बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. "तुझी उंची बरी हाय. सूट हाय का?"

"भावाच्या लग्नातला आहे."

"चालतंय की. इंग्लिश?"

"बोलतो ना सर," विनीत म्हणाला. विनीत इंग्रजी बोलायचा ते फक्त क्रिकेट बघताना, आणि तेही एकटाच असला तर.

"झालं मग. उद्यापास्नं या दोघं."

एवढ्यावर आमची निवड झाली. मुलगी बघायला येणारे लोकसुद्धा याहून जास्त चौकशी करतात, हे पुढे दोन महिन्यांनी मला स्वतःच्या अनुभवानं कळायचं होतं. तेव्हा मात्र मी खूश होते. एम.बी.ए.ची शेवटची सहामाही होती, मनुष्यबळ व्यवस्थापन हा माझा विषय होता आणि सोलापुरातला परदेशात माल पाठवणारा टॉवेलचा कारखाना मला इंटर्न म्हणून घेत होता. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्याचे टॉवेल अजून चांगले निघतात.

इंटर्नशिप आम्हाला सक्तीची होती. आमच्या प्लेसमेंटच्या सरांचा, कुंभोजकर सरांचा, आवडता शब्द होता ‘एक्स्पोजर’. "पगार मागू नका, एक्स्पोजर मागा," असं ते सांगायचे. स्वतः ते महिन्याच्या महिन्याला काय घ्यायचे, ते कुणी विचारायचं धाडस केलं नाही. वर्गाचं म्हणाल तर इंटर्नशिपच्या उपयोगाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. उपयोग शून्य, सर्टिफिकेट शंभर टक्के. एकजण काकांच्या पेट्रोल पंपावर ‘मार्केटिंग इंटर्न’ झाला होता, म्हणजे दुपारचा जेवायला पंपावर जायचा. दुसरीनं तर झेरॉक्सच्या दुकानातून शिक्क्यासकट सर्टिफिकेट आणलं आणि त्यावर तिला पहिली श्रेणी मिळाली. शिक्का जरा फिकट उठला होता एवढीच सरांची हरकत होती.

माझं मत वेगळं होतं, कारण माझी गरज वेगळी होती. आमच्या अप्पांचं भांड्यांचं दुकान. त्यांनी मला शिकवलं, पण शिकवताना पुढचं सगळं ठरवूनही ठेवलं होतं.

"पगार नाही म्हणतेस, मग ते काम कसलं?" ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते. "पगाराशिवाय भांडी घासायची तर आपल्या घरात घास की. त्याला शेठ कशाला पाहिजे?"

"अप्पा, काम चांगलं केलं की तिथंच नोकरी देतात."

"देतात?"

"देतात."

अप्पांनी तराजूत पातेलं ठेवलं, वजन बघितलं, गिऱ्हाइकाला भाव सांगितला आणि मग माझ्याकडे वळले. "बरं. नोकरी लागली तर दोन वर्षं तुझ्या लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागली तर अक्कलकोटचे बिराजदार थांबलेत. मी त्यांना किती दिवस थांबवू?"

तर माझं एक्स्पोजर हे असं होतं. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला बिराजदार.

कारखान्यात गेल्यावर आम्हाला एक खोली मिळाली. तिच्यात नापास झालेल्या टॉवेलचे गठ्ठे होते, आणि आता आम्ही दोघं. विनीतनं आल्या आल्या मऊसा गठ्ठा शोधला आणि त्यावर पथारी पसरली.

"अगं, काय धडपडतेस?" तो म्हणायचा. "आपल्याला सर्टिफिकेट पाहिजे, त्यांना आपण पाहिजे. कशाला पाहिजे ते त्यांचं ते जाणोत. झोप की."

मी काही झोपले नाही. मी कारखानाभर फिरले. मागाच्या खात्यात एवढा आवाज की माणसं खुणांनी बोलायची आणि घरी गेल्यावरही ओरडूनच बोलायची. शिलाई खात्यात बायका टॉवेलच्या कडा शिवायच्या. वरचा पंखा बंद, खाली कापसाचे तंतू उडतायत, आणि बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. एकजण आत गेली की दुसरी दाराशी उभी राहायची. मी हे सगळं शेठना सांगायला गेले. ते फोनवर होते. हातानंच त्यांनी मला ‘नंतर’ म्हणून खूण केली आणि ते ‘नंतर’ काही आलंच नाही.

मध्ये एकदा कुंभोजकर सर आमची प्रगती पाहायला आले. शेठनी त्यांना चहा दिला आणि दोन मोठे टॉवेल बांधून दिले. सरांनी टॉवेल पिशवीत नीट बसवले, आम्हाला म्हणाले, "छान एक्स्पोजर मिळतंय ना?" आणि उत्तराच्या आत रिक्षात बसले. विनीत तेव्हा झोपला होता. सरांनी त्याला उठवू दिलं नाही.

आणि मग एका सकाळी आम्ही पोचलो तर सुतार आमच्या खोलीच्या दारावर पाटी ठोकत होता. पितळी, चकचकीत. ‘मनुष्यबळ व तक्रार निवारण विभाग’. आतले गठ्ठे गायब. टेबल, फिरती खुर्ची, कुंडीतलं झाड, भिंतीला कुलूपबंद तक्रारपेटी. शेजारच्या गोदामावर दुसरी पाटी, ‘गुणवत्ता विभाग’.

शेठ स्वतः उभे राहून सगळं करवून घेत होते. "ये, ये," ते मला म्हणाले. "हे तुझं खातं. आणि हे घे." त्यांनी माझ्या हातात एक छोटा खोका ठेवला. त्यात व्हिजिटिंग कार्डं होती. कु. प्रणोती हत्तुरे, मनुष्यबळ अधिकारी. खाली कारखान्याचं नाव, सोनेरी अक्षरांत.

मी कार्ड दोनदा वाचलं. "शेठ, म्हणजे माझी…"

"पुढच्या आठवड्यात जर्मनीहून बाई यायलीय. माल घेणाऱ्या कंपनीची. आता त्यांचं नवीन खूळ निघालंय. टॉवेल बघत नाहीत, माणसं बघतात. एच.आर. कुठाय, तक्रार कोण ऐकतंय, बायकांचं कोण बघतंय. ते सगळं तू. क्वालिटी हा." त्यांनी विनीतकडे बोट केलं. "त्या दिवशी खुर्चीत बसायचं. हसायचं. इंग्लिश बोलायचं. चष्मा घेतलीस का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड महिना आम्हाला तिथं का बसवून ठेवलं होतं, त्याचा उलगडा झाला. आम्ही इंटर्न नव्हतो, आम्ही सजावट होतो. कुंडीतल्या झाडाला निदान कुणी पाणी तरी घालत होतं.

"अजून एक," शेठ जाता जाता म्हणाले. "बाई पास करून गेली तर एक खुर्ची पक्की ठेवणार मी. तुमच्या दोघांतल्या एकाला. पगारासकट."

हे ऐकलं आणि मी सजावट व्हायला तयार झाले, साध्या काचेचा चष्माही घेतला. बिराजदार दाराशी उभे असताना फार मानापमान करून चालत नाही.

पण एक घोटाळा झाला. पाटी नाटकातली आहे हे शेठना माहीत होतं, मला माहीत होतं, विनीतला माहीत होतं. कामगारांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की इतक्या वर्षांनी कारखान्यात तक्रार ऐकायला एक खोली निघाली आहे, आणि आत चष्मा लावलेली बाई बसली आहे.

पहिली आली ती राजमणीबाई. शिलाई खात्यातली, पन्नाशीची, कुंकू ठसठशीत, आवाज त्याहून ठसठशीत. दारातूनच विचारलं, "इथं तक्रार घेतात का ओ?"

मी म्हणायला हवं होतं, नाही बाई, हे आपलं दाखवायला आहे. पण समोर पाटी, पाठीमागे तक्रारपेटी, आणि पुस्तकात तक्रार निवारणावर अख्खं प्रकरण मी पाठ केलेलं. तोंडातून निघालं, "घेतात की. बसा."

ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली. तसल्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत असावी, कारण खुर्ची फिरली तशी ती दचकली आणि मग खुदकन हसली. "संडासाला कडी नाही मॅडम. दोन वर्षं सांगालोय. सुपरवायझर म्हणतोय, शेठला सांगा. शेठ म्हणतंय, सुपरवायझरला सांगा. आम्ही बायका एकमेकीला दार धरालोय."

मी उठले, सुपरवायझरकडे गेले आणि म्हणाले, "मनुष्यबळ विभागाकडून आले आहे. बायकांच्या संडासाला आजच कडी लागली पाहिजे."

सुपरवायझरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग लांबवरच्या पितळी पाटीकडे पाहिलं. पाटी शेठनी लावली होती. म्हणजे हुकूम शेठचाच असणार. "होय मॅडम," तो म्हणाला, आणि दुपारच्या आत कडी लागली.

खरं सांगते, दोन वर्षांच्या एम.बी.ए.त मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्या कडीकडे मी तीनदा जाऊन पाहून आले.

मग काय, रांगच लागली. पंखा. प्यायच्या पाण्याची टाकी. मागावरच्या माणसांना कानात घालायला बोळे. कुणाला बाळंतपणाची रजा, कुणाला बहिणीच्या लग्नाला सुट्टी. एक म्हातारे मामा तर सुनेची तक्रार घेऊन आले, तेवढी मात्र मी परत पाठवली. पंखा सुरू झाला, टाकी धुतली गेली. बोळे मात्र विकत आणायचे होते, आणि त्याला शेठची सही लागत होती. ते तेवढे राहिले.

विनीत हे सगळं दारात उभा राहून बघायचा. "तू वेडी आहेस," तो म्हणाला. "नाटकातल्या राजानं खरंच कर गोळा करायचा नसतो."

"खुर्ची एकच आहे विनीत. बाईला काम दिसलं तर मलाच मिळेल."

"बघू," असं म्हणून तो सुटाला इस्त्री करायला गेला.

जर्मनीहून बाई आली. उंच, साधी, पायात चालायचे बूट. बरोबर दुभाषा म्हणून मुंबईचा एक मुलगा. तिनं माझ्या खोलीत पाच मिनिटं काढली, माझं कार्ड घेतलं, विनीतच्या खोलीत त्याहून कमी काढली आणि सरळ शिलाई खात्यात गेली. तिनं शेठना आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. शेठच्या कपाळावर घाम आला. बायकांना काही शिकवून ठेवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बायका बोलतील हेच मुळात त्यांना सुचलं नव्हतं.

राजमणीबाईचा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येत होता.

"होय की. तक्रार केली, पंखा आला. संडासाला कडी आली. तेव्हापास्नं आम्हाला दार धरायला लागत नाही. कानाचं बोळं मागितलंय, ते अजून आलं नाही. आमची प्रणोती मॅडम हाय, ती आणते."

टॉवेलवर डाग दिसल्यावर माणूस पाहतो, तसं शेठनी माझ्याकडे पाहिलं.

पण बाई बाहेर आली ती हसतच. दुभाष्यानं सांगितलं, मॅडम म्हणतात, इतक्या कारखान्यांत फिरले, सगळीकडे बायका पाठ केल्यासारखं एकच बोलतात, ‘सगळं छान आहे’. इथं पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, की हे झालं आणि हे राहिलं. म्हणजे इथला विभाग खराच आहे. मग तिनं फाटकापाशी आपल्या एका बाजूला मला आणि दुसऱ्या बाजूला राजमणीबाईला उभं करून फोटो काढून घेतला. "सहा महिन्यांनी परत येईन, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी," तिनं सांगितलं. "तुम्हा दोघींनाच भेटेन. तोवर कानातले बोळे आलेले असावेत."

कारखाना पास झाला. वर्षभराची ऑर्डर पक्की झाली. शेठनी पेढे वाटले. मी मनातल्या मनात अप्पांना कसं सांगायचं ते वाक्य जुळवून ठेवलं.

शेवटच्या दिवशी शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. आधी सर्टिफिकेटं दिली. दोघांचा मजकूर एकच, फक्त नाव वेगळं. त्यात लिहिलं होतं की उमेदवारानं कामात विशेष चुणूक दाखवली. मी विनीतकडे पाहिलं. त्यानं गठ्ठ्यावर झोपण्यात खरोखरच विशेष चुणूक दाखवली होती.

"खुर्ची विनीतला," शेठ म्हणाले.

मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "शेठ, पण कारखाना पास झाला तो…"

"तुझ्यामुळं झाला, माहीत हाय की मला. मी आंधळा नाही." ते समजुतीच्या सुरात बोलत होते, तेच जास्त लागलं. "हे बघ पोरी. तुला खातं दाखवायला सांगितलं होतं, तू खातं चालवायलीस. आज कडी, उद्या बोळे, परवा पगारवाढ. पाटी लावायला मला दोनशे रुपये लागले. पाटीखाली तू बसलीस तर किती लागतील? मला खुर्चीत बसणारं माणूस पाहिजे. उठणारं नको."

विनीत खाली बघत होता. त्याला लाज वाटत होती की झोप येत होती, ते सांगता येत नाही.

मी घरी आले. संताप, अपमान, रडू, सगळं एकदम दाटून आलं होतं आणि कुणापुढे ओतायची सोय नव्हती. अप्पांनी तोंड बघूनच ओळखलं. त्यांनी टोमणा मारला नाही. पण दुसऱ्या दिवशी आईनं पोह्यांची तयारी सुरू केली, तेव्हा मला कळलं की बिराजदारांना फोन गेलाय.

बिराजदार रविवारी आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा पुण्यात नोकरीला होता, मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मामाच बोलत होते.

"एम.बी.ए. म्हणजे काय करतात?" मामांनी विचारलं.

"माणसांचं व्यवस्थापन," मी म्हणाले.

"ते बायका न शिकताच करतात," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. "नोकरी नाही ना करत?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"बरंय. आम्हाला नोकरीवाली नकोच. मध्यंतरी कुठं जात होती म्हणे?"

"इंटर्नशिपला," अप्पा म्हणाले.

"त्याचा पगार?"

"नव्हता."

"मग जायचं कशाला?"

हा प्रश्न अप्पांनी मला दोन महिन्यांपूर्वी विचारला होता. आता तोच दुसऱ्यानं विचारल्यावर त्यांना तो आवडला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"प्रणोती मॅडम इथंच राहतात का ओ?"

राजमणीबाई होती. पाठीमागे शिलाई खात्यातल्या आणखी दोघी. भांड्यांच्या दुकानावरून पत्ता काढत आल्या होत्या. आत पाहुणे बसलेले पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या, पण राजमणीबाईला दम धरवत नव्हता.

"मॅडम, मला कामावरून घरी बसवलं. काल. म्हणाले, बाईपुढं लई बोललीस. मी काय खोटं बोलले का ओ? तुमच्याकडं आले, कारण तुम्हीच तक्रारीच्या साहेब हाव."

मुलानं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली.

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी काय सांगणार होते? की बाई, मी साहेब नाही, मी कधीच नव्हते, ती पाटी दोनशे रुपयांची होती? ती माझ्यामुळं बोलली होती. ‘आमची मॅडम आणते’ म्हणाली होती. मला एकदम स्वतःचीच चीड आली, शेठची आली, कुंभोजकर सरांच्या टॉवेलची आली, आणि त्या चिडीतच मी बशी खाली ठेवली आणि शेठना फोन लावला.

मागांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं शेठ फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचे. त्यामुळं पुढचं सगळं पाहुण्यांना व्यवस्थित ऐकू गेलं.

"शेठ, प्रणोती बोलतेय. राजमणीबाईंना का काढलं?"

"तू कोण विचारणार?"

"मनुष्यबळ अधिकारी."

"काय बोलायलीस! इंटर्न होतीस तू."

"हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. जर्मनीत माहीत नाही. तिथं माझं कार्ड गेलंय आणि आमच्या दोघींचा फोटो गेलाय. सहा महिन्यांनी ती बाई येणार आणि आम्हा दोघींनाच भेटणार."

"दुसऱ्या बायका उभ्या करू की. गोऱ्या माणसाला आपली तोंडं सारखीच दिसतात."

"मग तिनं मला फोन केला तर मी काय सांगू, ते तेवढं सांगा."

शेठ हिशोबात पक्के होते. वर्षभराची ऑर्डर एका बाजूला, राजमणीबाई दुसऱ्या बाजूला. त्यांना फार वेळ लागायचं कारण नव्हतं.

"उद्या ये म्हण तिला," शेठ म्हणाले.

"बरं."

"आणि…" ते पुढे म्हणाले, "आता तूच ये. विनीतला अकाउंटात टाकतो. तसंही ते झोपतंय. बाई येईस्तोवर ये."

"बाई दर सहा महिन्यांनी येणार, शेठ. नेमणुकीची कायमची ऑर्डर द्या. बोळे आधी मागवा. आणि पगार किती ते लिहून द्या."

"पगार?" शेठ ओरडले. त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "पगार पण पाहिजे होय तुला?"

"इंटर्नशिप संपली, शेठ."

मी फोन ठेवला. राजमणीबाई माझ्याकडे बघत नुसती मान हलवत होती, डोळे भरलेले. आईनं तिला आणि बाकी दोघींना आत घेतलं, सतरंजीवर बसवलं.

मामांनी घसा खाकरला. "अप्पासाहेब, हे काय? तुम्ही तर म्हणालात मुलगी नोकरी करत नाही."

अप्पा माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाइकानं घासाघीस करून शेवटी पुरा भाव दिल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. त्यांनी आईच्या हातातली पोह्यांची भरलेली बशी घेतली आणि पाहुण्यांच्या आधी ती राजमणीबाईंपुढे ठेवली.

"करत नव्हती," ते म्हणाले. "आत्ता लागली, तुमच्यासमोरच. आणि मी शब्द दिलेला माणूस आहे, त्यामुळं आता दोन वर्षं मला मुलगी दाखवता यायची नाही. तुम्ही मात्र पोहे खाऊनच जा. लांबून आलाय."